आक्का, हे फुकट कितीला पडतं?

गेल्या दोन महिन्यांतल्या पत्रांचा गठ्ठा उघडला, तर निम्म्याहून जास्त पत्रं फुकटातल्या वस्तूंची निघाली. सॅम्पल, कूपन, एकावर एक, लकी ड्रॉ. दसरा-दिवाळी जवळ आली की हे प्रश्न वाढतातच. या विषयावर मला मनापासून बोलायचंय, कारण कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका डिस्ट्रिब्युटरकडं मी 27 वर्षं वह्या लिहिल्या. साबण, चहा, टूथपेस्ट, बिस्किटं असा माल. सॅम्पलचे खोके टेम्पोतून उतरताना मी मोजून घेतलेत, आणि त्यातलं गिऱ्हाइकाच्या हातात किती पोचतं तेही बघितलंय. म्हणून या वेळचं सगळं पान याच पत्रांना.

प्रश्न : मी मॉलची कूपनं जपून ठेवते, स्कीम बघून सामान आणते. दर महिन्याला बिलाच्या तळाशी ‘तुम्ही इतके वाचवले’ असं येतं. सासूबाई म्हणतात, “वाचतंय म्हणतीस, मग हाय कुठं?” मला उत्तर देता येत नाही. खरंच वाचतंय का, हे कसं कळायचं?
– एक गृहिणी, राजारामपुरी

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे, आणि त्याचं उत्तर त्यांना हातात दाखवता येतं. माझ्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. झाकणाच्या कडेला गंज चढलाय, पण घट्ट बसतो. कूपन लावून 40 रुपये सूट मिळाली, की घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी 40 रुपये त्या डब्यात जातात. सॅम्पलच्या पेस्टवर आठ दिवस निघाले आणि नवी ट्यूब आठ दिवस उशिरा आणली, तर तिचे जे काही पाच-सात रुपये होतात ते डब्यात. सोबत बिलाचा तुकडा, मागं तारीख. पाडव्यापासून दिवाळीपर्यंत गेल्या वर्षी 2,340 रुपये जमले. त्यात पाच पितळी भांड्यांना कल्हई झाली आणि उरलेल्यात फराळाचं तेल आलं. बचत म्हणायची ती एवढीच. बिलाच्या तळाशी छापलेले आकडे बेरीज करून बघितले असते तर ते याच्या तिप्पट भरले असते.

डब्याचा नियम एकच ठेवलाय. वस्तू घरून नेलेल्या यादीत असेल तरच तिची सूट डब्यात टाकायची. हा नियम मी एका फसलेल्या खरेदीवरून शिकले. कूपन होतं : 999 रुपयांच्या खरेदीवर 150 सूट. माझी यादी होती 640 ची. मग 999 गाठायला नूडल्सची चार पाकिटं, रूम फ्रेशनर आणि एक प्लॅस्टिकचा डबा घेतला. भरले 849. म्हणजे 150 वाचले असं कागद सांगत होता आणि माझ्या पर्समधून 209 रुपये जास्तीचे गेले होते. तेच 359 रुपये मी पुढच्या महिन्याच्या यादीतल्या कपड्यांच्या पावडरीवर घातले असते तर ते कूपन सोन्यासारखं होतं. यादी दोन महिन्यांची लिहायला लागा, म्हणजे कूपन आलं की त्यात काय बसवायचं हे आधीच ठरलेलं असतं.

आता स्कीमचा हिशेब, कारण इथं भलेभले चुकतात. ‘दोनवर एक मोफत’ म्हणजे तीन नगांमागं एकाचे पैसे नाहीत, सूट 33 टक्के. ‘20 टक्के जादा’ आणि ‘20 टक्के सूट’ हे सारखे वाटतात, पण नाहीत. शंभर ग्रॅमच्या पैशात 120 ग्रॅम आले तर सूट पडते 17 टक्क्यांच्या आत. ‘50 टक्के आणि वर आणखी 20 टक्के’ याची बेरीज 70 होत नाही. हजाराचे पाचशे, पाचशेचे चारशे, म्हणजे 60. आणि ‘एकावर एक’ निम्म्यात पडतं ते दुसरा नग मुदतीच्या आत वापरला तरच. मसाल्याचं दुसरं पाकीट पोरकिडा लागून टाकलं तर पहिलंच पाकीट दुप्पट महाग झालं.

हे सगळं नको वाटत असेल तर पाकिटावर एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात दर ग्रॅमचा किंवा दर मिलीचा भाव छापलेला असतो, तो वाचा. तो हल्ली छापावाच लागतो. 10 ग्रॅमच्या आतल्या चिमुकल्या पुड्यांना ही सक्ती नाही, तिथं भागाकार आपणच करायचा. चष्मा न्यायला विसरू नका. मी दोरीला लावून गळ्यात अडकवते.

प्रश्न : आक्का, मी विद्यापीठाच्या हॉस्टेलला राहते. ‘फ्री सॅम्पल’ देणाऱ्या बऱ्याच लिंक मैत्रिणी पाठवतात. काही वेळा खरंच क्रीम, कॉफी घरपोच आली. पण आता एका ठिकाणी पार्सलच्या खर्चासाठी कार्डाचा नंबर मागतायत. द्यावा का? आणि कंपन्यांना हे फुकट परवडतं तरी कसं?
– एम.एस्सी.ची विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, आधी दुसरा प्रश्न, म्हणजे पहिल्याचं उत्तर सोपं होईल.

कंपनी पुडी फुकट देते ती सवय लावायला. आपल्या घराघरांत चहा तसाच शिरला. 1930 च्या दशकात चहाच्या प्रचारासाठी नेमलेली माणसं स्टेशनांवर, बाजारांत, लोकांच्या घरी जाऊन चहा करून दाखवत आणि फुकट पाजत. त्याआधी सामान्य घरांत चहा रोजचा नव्हताच. पुढं 1980 च्या दशकात दक्षिणेत चिक शाम्पूवाल्यांनी योजना काढली : कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक पुडी फुकट न्या. लोकांना सवय झाली तेव्हा ‘कुठल्याही’ हा शब्द गेला आणि फक्त चिकच्याच रिकाम्या पुड्या चालू लागल्या. यात फसवणूक काही नाही. नव्या मालाची ओळख करून द्यायचा तो सरळ मार्ग आहे आणि तू ती कॉफी प्यायलीस यात काही चूक नाही. आमच्याकडं सॅम्पलचा खोका आला की मी समजायची, आता महिन्याभरात त्या मालाची मोठी जाहिरात येणार.

पण जिथं माल विकायचाच नसतो, तिथं तुझा नंबर आणि तुझं कार्ड हाच त्यांचा माल असतो. कार्ड देऊ नकोस. ‘फक्त 49 रुपये पार्सल’ म्हणून कार्ड घेतात, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पंधरा दिवसांनी महिन्याची वर्गणी आपोआप सुरू होईल. केंद्र सरकारनं 2023 मध्ये अशा आडवळणाच्या 13 युक्त्यांना मनाई केली, त्यात हा वर्गणीचा सापळा नावानिशी आहे. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणं आणि ‘फक्त दहा मिनिटं शिल्लक’ अशी खोटी घाई करणंही त्यात आलं. त्याआधी 2022 मध्ये जाहिरातींचे नियम आले. त्यानुसार मोफत म्हटलेल्या वस्तूवर पॅकिंग, हाताळणी असले आकार लावता येत नाहीत. घरपोच आणण्याचा खरा खर्च तेवढा मागता येतो. तो द्यायचाच झाला तर पार्सल हातात आल्यावर रोख दे.

सॅम्पलसाठी वेगळा ईमेल उघड. आधार, जन्मतारीख, बँकेचं नाव कुणी मागितलं तर ते पान तिथंच बंद कर. पत्ता हॉस्टेलच्या ऑफिसचा दे, खोली नंबर नको. आणि स्क्रॅचकार्ड घासल्यावर ‘बक्षीस घेण्यासाठी यूपीआय पिन टाका’ असं आलं तर हात मागं घे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. चुकून गेलेच पैसे तर रडत बसू नकोस, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला फोन लाव. जितक्या लवकर लावशील तितकी रक्कम पुढं जायच्या आत थांबवायची संधी जास्त. जाहिरातींचे फोन फार व्हायला लागले तर 1909 वर नोंद करून ते बंद करता येतात.

प्रश्न : माझी मुलगी बाळंतीण झाली. दवाखान्यातून घरी येताना कुणीतरी बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा आणि पुढच्या डब्यावर सवलतीचं कूपन भेट म्हणून हातात दिलं. डबा महागाचा असतो, म्हणून मी ठेवून घेतला. वापरावा का?
– एक आजी, कागल

उत्तर : आजी, हा डबा बाजूला ठेवा. हे मी एवढ्या ठामपणे सांगते त्याला कारण आहे.

आपल्या देशात बाळाच्या दुधाची पावडर, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचं डबाबंद अन्न यांची सॅम्पलं वाटायला कायद्यानं बंदी आहे. 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक केला. भेटवस्तू नाही, कूपन नाही, सवलत नाही, आईला गाठून शिफारस करणंसुद्धा नाही. चहा, साबण, शाम्पू कुणीही फुकट वाटू शकतं, मग या मालाला एवढी बंदी का? कारण इथं सॅम्पल परत फिरणं अवघड अशी सवय लावतं. बाळ जितकं ओढतं तितकं आईला दूध येतं. चार-आठ दिवस बाळ बाटलीवर राहिलं की अंगावरचं दूध कमी होतं, आणि फुकटचा डबा संपतो त्याच सुमाराला विकतच्या डब्याशिवाय इलाज राहत नाही. नुसती पावडर नाही, तिच्याबरोबर बाटली, ती उकळणं, रात्रीचा गॅस, पाण्यातून होणारे जुलाब, सगळंच मागं लागतं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलीला दूध पुरत नाही असं वाटत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञांना किंवा आशाताईंना बाळाला धरायची पद्धत तपासायला सांगा, बऱ्याचदा अडचण तिथंच असते. काही बाळांना खरंच पावडरीची गरज पडते. ते डॉक्टर तपासून लिहून देतात, आणि तेव्हा निमूट विकत आणायची. त्यात आईचा काही दोष नसतो. पण कूपन बघून ठरवायची ही गोष्ट नाही. डबा कुणी दिला, कधी दिला, हे एका कागदावर लिहून डबा आणि कूपन तसंच ठेवा आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडं तक्रार द्या. तुमच्या तक्रारीनं पुढच्या चार बाळंतिणींच्या हातात डबा जायचा थांबेल.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. दोन तरुण ‘पाण्याची मोफत तपासणी’ म्हणून घरी आले. आमच्या नळाच्या पाण्यात यंत्र घातलं तर मिनिटात पाणी काळंहिरवं झालं, गाळ खाली बसला. त्यांच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. पत्नी तेव्हापासून नळाचं पाणी प्यायला तयार नाही. आजच्या आज बुक केलं तर पाच हजार सूट म्हणतात. तुमचं मत?
– गंगावेश

उत्तर : सर, हाच प्रयोग माझ्या शेजारणीच्या ओट्यावर मी शेजारी उभी राहून बघितलाय. काचेचे दोन ग्लास. लाकडी पट्टीला खाली चार सळ्या, दोन या ग्लासात, दोन त्या ग्लासात. वायर स्विचला. आधी नळाच्या पाण्यात बारीक बुडबुडे आले, मग पिवळट झाक, मग शेवाळासारखा हिरवट थर आणि शेवटी तांबडा गाळ. शेजारीण तोंडावर पदर धरून उभी. “हे तुम्ही रोज पिताय,” असं तो पोरगा म्हणाला.

मला मात्र त्या सळ्यांकडं बघून शंका आली. एक सळी लोखंडी होती. तुमच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत हे झालेलं असणार, सर. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंड विरघळून त्याचा गंज गाळ होऊन उतरतो. तो गाळ सळीचा असतो, पाण्यातला नसतो. त्यांच्या मशीनच्या पाण्यातले क्षार काढून टाकलेले असतात, तिथं वीजच नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. मी ओट्यावरच्या मीठाच्या डब्यातलं चिमूटभर मीठ त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकलं आणि म्हटलं, आता लाव वीज. तो लावेना. मी स्विच दाबला. त्याच्याही ग्लासात तोच तांबडा चिखल झाला.

हे पत्नीला घरात एकदा करून दाखवा, त्यांची भीती जाईल. तुम्ही स्वतः सळ्या आणून विजेशी खेळू नका, पुन्हा तेच तरुण आले तर त्यांच्याच यंत्रावर मीठ टाका. मशीन घेऊच नका असं माझं म्हणणं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. महापालिकेच्या नळाऐवजी बोअरचं पाणी पीत असाल तर तपासून घ्या, आकडा मोठा आला तर मशीनचा विचार करा. घेताना दरवर्षीच्या फिल्टरचा आणि सर्व्हिसिंगचा खर्च लिहून मागा, कारण पाच हजारांची सूट दोन-तीन वर्षांत तिथून वसूल होते. आणि आजची सूट उद्या मिळत नसेल तर जाऊ दे ती.

प्रश्न : टूथपेस्टच्या खोक्यावर ‘ब्रश मोफत’ छापलंय. दुकानदार म्हणतो, ब्रश संपले. काय करावं?
– जयसिंगपूर

उत्तर : ब्रश तुमचा आहे. खोक्यावर छापलेली वस्तू गिऱ्हाइकाची, दुकानदारानं ती काढून वेगळी विकायची नाही. मी या व्यवसायात राहिलेय, म्हणून सांगते, काही दुकानांत ब्रशांची बरणी आतल्या फळीवर असते. बिल मागा, खोक्याचा फोटो काढा आणि शांतपणे सांगा की ब्रश द्या, नाहीतर दुसऱ्या मापाचा साधा खोका कमी भावात द्या. बहुतेक वेळा ब्रश निघतो. नाहीच निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथं मराठीत बोलता येतं. भेट जाहीर करून न देणं आणि बिल न देणं, दोन्ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. एक मात्र बघा, खरोखर कंपनीकडूनच ब्रश कमी आले असतील तर दुकानदार बिचारा मध्ये अडकलेला असतो. आधी आवाज चढवू नका.

प्रश्न : मॉलमध्ये कूपन भरलं होतं. आता फोन आलाय, तुमचा नंबर लागला, भेटवस्तू न्यायला जोडीनं हॉटेलात या. दोघांनीच यायचं, मुलं नकोत. जावं का?
– इचलकरंजी

उत्तर : आम्ही गेलो होतो, 2011 मध्ये. थंडगार हॉल, मोठ्यानं गाणी, आमच्या टेबलावर एक गोड बोलणारी मुलगी. तास-दीड तास म्हणाले होते, तीन तास झाले. डोंगरात, समुद्रकाठी दरवर्षी सात दिवस फुकट राहायचं म्हणे, फक्त सभासदत्व घ्यायचं. मध्येच घंटा वाजायची, अमुक जोडपं सभासद झालं म्हणून टाळ्या. ह्यांना शुगरचा त्रास, जेवणाची वेळ टळून गेलेली, उठावंसं वाटत होतं आणि उठता येत नव्हतं. शेवटी 10,000 रुपये भरून सही केली. दुसऱ्या दिवशी रद्द करायला फोन केला, तर करारात ‘परतावा नाही’ लिहिलं होतं. सुटीला गेलो नाही. भेट म्हणून मिळालेला काचेचा बाऊल मी अजून ठेवलाय, आमच्या घरात एवढा महाग बाऊल दुसरा नाही.

तर जाऊ नका. जायचंच झालं तर चेकबुक, कार्ड, यूपीआयचा फोन घरी ठेवून जा, खिशात रिक्षापुरते पैसे ठेवा. आणि सही झालीच असेल तर करार नीट वाचा, काहींत रद्द करायला ठरावीक दिवस दिलेले असतात. त्या दिवसांत लेखी, पोच घेऊन रद्द करा. दाद जिल्हा ग्राहक आयोगात मागता येते. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं.

प्रश्न : डॉक्टर कधी कधी सॅम्पलची औषधं देतात. ती घ्यावीत का?
– कसबा बावडा

उत्तर : तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून, हातात दिली तर जरूर घ्या. मुदत तेवढी बघा. पाकिटावर ते डॉक्टरांसाठीचं सॅम्पल असून विक्रीसाठी नाही, असं छापलेलं असतं. असं पाकीट मेडिकलवाला पैसे घेऊन देत असेल तर घेऊ नका. शेजारणीला लागू पडलेलं उरलेलं सॅम्पल तर मुळीच नको. बीपी-शुगरसारखी कायमची गोळी असेल तर फुकटच्या एका पट्टीपेक्षा डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात भाव विचारा. वर्षाचा हिशेब केलात की फरक कळेल.

प्रश्न : मी चार घरची धुणीभांडी करते. मुलीकडून हे लिहून घेतलंय. तुमच्या सदरात कूपन, मॉल, मोबाइलचं असतं. आमच्याकडं साधा फोन, आठवड्याला पगार, आणि सामान गल्लीतल्या दुकानातनं. आम्ही कशातनं वाचवायचं?
– मंगळवार पेठ

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आणि आधी एक सांगते, तुम्ही एका ठिकाणी मॉलवाल्यांपेक्षा पुढं आहात. शाम्पूची पुडी. रुपयाच्या पुडीत समजा 5 मिली, म्हणजे मिलीला 20 पैसे. 175 मिलीची बाटली 120 रुपयांना, म्हणजे मिलीला 69 पैसे. बाटलीवर ‘30 रुपये सूट’ चिकटवली तरी पुडीच स्वस्त. एवढंच की तेल, साखर, कपड्यांची पावडर यांना हा नियम लावू नका. तिथं दहा रुपयांची पुडी बहुतेक वेळा महागच पडते, एकदा भागाकार करून बघा.

तेलाच्या पिशवीकडं विशेष लक्ष द्या. सगळ्या पिशव्या एका उंचीच्या दिसतात, सगळ्यांना आपण ‘लिटरची पिशवी’ म्हणतो. सूर्यफुलाचं एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. शेजारची पिशवी आठ रुपयांनी स्वस्त म्हणून उचलली आणि तिच्यावर 810 ग्रॅम लिहिलेलं असलं, तर 150 ची पिशवी किलोला 165 पडते आणि 142 ची 175. मुलीला लिहिता-वाचता येतं, तिलाच दुकानात पाठवा आणि पैशाच्या आधी ग्रॅम वाचून दाखवायला सांगा.

एमआरपीच्या वर कुणी पैसे मागितले, ‘थंड करायचे दोन रुपये’ म्हणून, तर द्यायचे नाहीत. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात आणि त्याच्या वर विकणं गुन्हा आहे. दुकानदार उधार देतो म्हणून आपण गप्प बसतो, हे मला माहीत आहे. तुम्ही ज्या चार घरी जाता तिथं सॅम्पलच्या पुड्या, ओळखीच्या दुकानाची कूपनं ड्रॉवरमध्ये पडून असतात. वहिनींना मोकळेपणानं विचारा. मुदत बघून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आणि तुमची सगळ्यात मोठी बचत चटणीत आहे. वर्षभर 50-100 ग्रॅमची तिखटाची पाकिटं आणण्यात बराच पैसा जातो. तुमच्या गल्लीत भिशी असेलच. पुढच्या वर्षी आठ जणींनी मिळून मिरची घ्या, प्रत्येकी दोन किलो धरली तर सोळा किलो. सोळा किलोचं गिऱ्हाईक म्हटलं की लक्ष्मीपुरीतला व्यापारी खुर्ची देतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, निम्मी-निम्मी किंवा तुमच्या घरच्या चवीनं. सकाळी एकीनं तीन दुकानांत भाव काढायचा, दुपारी दोघींनी जाऊन घ्यायची. मिरची मुठीत दाबून बघा, कुरकुरली पाहिजे. वाकली आणि मऊ लागली तर तिच्यात पाणी आहे आणि तुम्ही पाण्याला मिरचीचा भाव देताय. देठासकट आणि देठ काढलेली असा भाव वेगळा विचारा. देठ मोडायला आठ जणींचे हात आहेत, देठासकटच स्वस्त पडते का ते वजन करून ठरवा. धणे, तीळ, खोबरंही त्याच दिवशी. कांडपवाल्याला आधी सांगून ठेवा, एकदम मोठा घाणा असला की तो दरात थोडं मागंपुढं करतो.

मिरची आणली की दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात घाला आणि मगच वाटणी करा. उन्हात वजन घटतं. ती घट आठ जणींत सारखी गेली पाहिजे, म्हणून वाळल्यावर पुन्हा तराजू लावायचा आणि वाटणीच्या वेळी आठही जणी हजर ठेवायच्या.